आंदण मिळालेली मुंबई आणि नजरकैदेतला राजा : कोकणातील एका सहलीचा अभिप्राय

टपाल खात्यात पस्तीस वर्षे नोकरी केल्यामुळे युरोपातील राजेराण्यांशी माझी ओळख झाली ती तिकिटांवरून. व्हिक्टोरिया राणीचा एका बाजूने दिसणारा चेहरा, सातव्या एडवर्डची दाढी, पाचव्या जॉर्जचा मुकुट आणि गोव्याच्या जुन्या तिकिटांवरचे पोर्तुगालचे राजे यांच्या संगतीत माझ्या कित्येक दुपारी गेल्या आहेत. त्यामुळे युरोपातील राजघराण्यांच्या कोकणातील खुणा दाखविणारी सहा दिवसांची सहल निघत असल्याचे पत्रक हाती आले, तेव्हा गुहागरच्या घरी बसून मी ते तीनदा वाचले आणि पत्नीला न विचारताच दोन जागांचे पैसे भरून टाकले. सहल काढणारे गृहस्थ आमच्याच जिल्ह्यातील असून त्यांचा व्यवसाय लहान आहे. काही उणिवा मी त्यांना पत्राने कळविल्या आहेत, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. अशा सहलीला जावे की नाही आणि जायचे तर काय विचारून घ्यावे, एवढेच सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

माणशी २७,५०० रुपयांत पाच रात्रींचा मुक्काम, सकाळचा नाश्ता, रात्रीचे जेवण, सतरा आसनांचा टेंपो ट्रॅव्हलर आणि सोबत एक तरुण मार्गदर्शक, असा व्यवहार होता. दुपारचे जेवण, प्रवेशतिकिटे आणि किल्ल्यांवर लागेल तो खर्च आपला. आम्ही अकरा जण होतो. मार्ग मुंबई, वसई, रेवदंडा, कोर्लई, बाणकोट, रत्नागिरी, वेंगुर्ला आणि सावंतवाडी असा होता. नकाशावर तो सरळ दिसतो. प्रत्यक्षात त्यात वसईपर्यंत वर जाऊन पुन्हा सगळी मुंबई ओलांडून खाली येणे आहे, आणि त्या एका प्रवासात दुसऱ्या दिवसाची सारी दुपार खर्ची पडली. वसई पहिल्या दिवशी घेऊन मुंबई दुसऱ्या दिवशी ठेवली असती, तर मांडव्याच्या बोटीने अलिबागला उतरता आले असते आणि निम्मा दिवस वाचला असता.

सुरुवात गेटवे ऑफ इंडियापाशी सकाळी सात वाजता झाली. ही वेळ निवडल्याबद्दल व्यवस्थापकांचे कौतुक केले पाहिजे, कारण उन्हे चढल्यावर फोटोवाले आणि बोटींच्या रांगा यांतून ती कमान धड दिसतच नाही. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी येथे, म्हणजे अपोलो बंदरावर, उतरले, त्याचे हे स्मारक. परंतु राजा उतरला तेव्हा कमान तेथे नव्हती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ रोजी बसला आणि वास्तू खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे पाहुणे उतरून तेरा वर्षे उलटल्यावर. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. आमच्या मार्गदर्शकाने हे सगळे नेमके आणि रंगवून सांगितले, आणि पहिल्या तासात त्याच्याविषयी माझे मत फार चांगले झाले.

तेथून काळा घोडा. या भागाला ज्यावरून नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून उचलून भायखळ्याच्या बागेत नेण्यात आला. २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला, पण त्याच्या पाठीवर कोणीही स्वार नाही. लोकांनी घोडा ठेवला आणि राजा वगळला, याहून चांगले भाष्य मुंबईने केलेले मला ठाऊक नाही. मूळ पुतळा पाहण्यासाठी आम्ही भायखळ्याला गेलो, तर बागेचे फाटक बंद! जिजामाता उद्यान बुधवारी बंद असते, ही गोष्ट मुंबईतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि आमची सहल निघाली होती ती बुधवारी. पत्रकात या बागेचे नाव ठळक छापले होते. मार्गदर्शक ओशाळला, व्यवस्थापकांनी फोनवरून दिलगिरी व्यक्त केली, आणि आम्ही फाटकाबाहेर उभे राहून चहा घेतला. व्हिक्टोरिया गार्डन हे नाव जाऊन जिजामातेचे नाव आले, तरी आमची पिढी अजून ‘राणीची बाग’च म्हणते, दोघींपैकी कोणती राणी, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

पहिल्या दिवशीचा खरा विषय पुतळ्यांचा नव्हता, तो आंदणाचा होता. पोर्तुगालच्या ब्रगांझा घराण्यातील राजकन्या कॅथरिन हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला आणि २३ जून १६६१ च्या तहात मुंबई बेट व आफ्रिकेतील टँजियर वरपक्षाला द्यावयाचे ठरले. लग्न मे १६६२ मध्ये पोर्टस्मथला लागले. बेट ताब्यात घेण्यासाठी अब्राहम शिपमन आरमारासह मुंबईला पोहोचला, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने कागदपत्रांत खोट काढून ताबा नाकारला. शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसले. तेथील हवापाण्याने शिपमन १६६४ मध्ये वारला, आणि सोबत आलेल्या शेकडो सैनिकांपैकी जेमतेम शंभरेक उरले. अखेर त्याचा चिटणीस हंफ्रे कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी बेटाचा ताबा घेतला. नवरी सासरी जाऊन पावणेतीन वर्षे झाली, तरी आंदण माहेरच्या माणसांनी अडवून धरले होते. हा प्रकार आपल्याकडच्या कोणत्याही लग्नघराला समजण्यासारखा आहे.

येथे मार्गदर्शकाने पहिली चूक केली. इंग्लंडच्या राजाने मुंबई दहा पौंडांना कंपनीला ‘विकली’, असे त्याने सांगितले. ती विक्री नव्हती. २७ मार्च १६६८ च्या सनदेने चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती दरसाल दहा पौंड सोन्यात भरण्याच्या अटीवर, आणि कायद्याच्या भाषेत ती केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीचा भाग म्हणून धरली गेली. काही वर्षांपूर्वी मुलाकडे लंडनला गेलो असता मी ग्रीनिचच्या टेकडीवर चढलो होतो. इतर प्रवासी शून्य रेखांशावर दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढत होते आणि मी, कागदोपत्री का होईना, आपला गिरगाव या टेकडीच्या पदरात बांधला गेला होता, या विचाराने हसत होतो. सहलीतल्या मंडळींना हा तपशील मी नंतर गाडीत सांगितला, तेव्हा तो सर्वांना आवडला. असे तपशील मार्गदर्शकाजवळ असावयास हवेत.

वसईच्या किल्ल्याला तीन तास दिले होते, ते पुरेसे होते. पडकी चर्चे, त्यांच्या छपराविना उभ्या भिंती, तटात रुतलेली वडाची मुळे आणि बंदराकडचा दरवाजा हे सारे शांतपणे पाहता आले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या, हा भाग मार्गदर्शकाने उत्तम सांगितला. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेचे नाव निघताच आमच्यातील नाशिककर बाईंनी मान डोलावली. परंतु वसई पाहताना जो प्रश्न पडायला हवा, तो त्याने कोणाच्या मनात येऊच दिला नाही. पोर्तुगालने आपली मुंबई इंग्लंडला का दिली? मुलीच्या प्रेमापोटी बेटे देण्याइतके राजे भाबडे नसतात.

या प्रश्नाचे उत्तर मोरोक्कोत आहे. पोर्तुगालचा तरुण राजा सेबॅस्टियन ४ ऑगस्ट १५७८ रोजी अल्कासेर किबीरच्या लढाईत पडला. त्याला मूलबाळ नव्हते. त्याच्यामागून गादीवर आलेला वृद्ध चुलतआजोबा हेन्री हा धर्मगुरू, कार्डिनल. तोही १५८० मध्ये वारला, आणि वारसाच्या भांडणात स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. पुढची साठ वर्षे वसई, चौल आणि मुंबई येथले पोर्तुगीज अंमलदार ज्या राजाच्या नावाने फर्माने वाचत होते, तो राजा स्पेनचा होता. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन ब्रगांझा घराणे गादीवर आले, पण स्पेनने ते मान्य केले नाही आणि युद्ध सुरू राहिले. नव्या, दुबळ्या गादीला पाठीराखा हवा होता. इंग्लंडचे सैनिक आणि आरमार हवे, म्हणून राजकन्या दिली, रोकड दिली, टँजियर दिले आणि मुंबई दिली. वसईच्या किल्ल्यातील जुन्या बालेकिल्ल्याला संत सेबॅस्टियनचे नाव आहे. तो संत वेगळा, राजा वेगळा, तरी त्या दगडांपाशी उभे राहून निपुत्रिक राजाची ही गोष्ट सांगितली असती, तर पहिले दोन दिवस एका दोऱ्यात ओवले गेले असते. मार्गदर्शकाने त्याऐवजी येथे कोणकोणत्या चित्रपटांची चित्रीकरणे झाली, ते सांगितले. आम्ही सुकेळी विकत घेतली आणि गाडीत बसलो.

तिसरा दिवस सहलीतील उत्तम दिवसांपैकी एक ठरला. रेवदंड्याचा सातखणी बुरूज पाहून आम्ही कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून कोर्लईला आलो. समुद्रात घुसलेल्या लांबट टेकडीवर हा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला, म्हणजे तेव्हाही राजा फिलिपच, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. दीपगृहाकडून वर चढणारी वाट ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सावकाश चढावी. आमच्यासाठी वाटेत दोन ठिकाणी पाण्याची सोय केली होती, ही गोष्ट मला विशेष वाटली. वरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र आणि समोर रेवदंड्याची माडांची रांग दिसते, आणि या दोन किल्ल्यांनी मिळून खाडीचे तोंड कसे आवळून धरले होते, ते नकाशाविना कळते.

परंतु कोर्लईचे खरे वैभव किल्ल्यावर नाही, खाली गावात आहे. येथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज सत्ता येथून जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, ज्यांच्या नावाने किल्ले बांधले त्या राजांचा वंश गादीवरून गेला, आणि भाषा मात्र मासळी सुकविणाऱ्या अंगणात शिल्लक राहिली. आमचे दुपारचे जेवण या वस्तीतील एका घरी ठरविले होते. यजमानीणबाई आमच्याशी चांगल्या मराठीत बोलत होत्या आणि आत सुनेला काही सांगताना त्या बोलीत वळत होत्या. माझ्या पत्नीने विचारले, “बाय, आमाला पण चार शब्द सांगा की.” त्या हसून म्हणाल्या, “वहिनी, तुमी बटाटा म्हणता, चावी म्हणता, काजू म्हणता, ते काय मग?” शाळेत ऐकलेला धडा त्या माऊलीने आमच्या पानात वाढला. सुरमईचे कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी, माणशी ३५० रुपये. सहलीतील हे सर्वांत चांगले जेवण होते. व्यवस्थापकांनी हे एक घर शोधून काढले, एवढ्यावरही मी त्यांना निम्मे गुण देईन.

गाडीत परत बसल्यावर मार्गदर्शकाने मात्र या शब्दांच्या यादीला एक शेपूट जोडले. हापूस आंब्याला हे नाव राजा सहावा अफोन्सो, म्हणजे त्या कॅथरिनचा भाऊ, याच्यावरून पडले, असे त्याने ठामपणे सांगितले. आंब्याच्या बाबतीत कोकणी माणूस असला प्रमाद सहन करीत नाही. हापूस हे नाव गोवा जिंकणारा सरदार अफोन्सो द आल्बुकर्क याच्यावरून आल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि तो त्या राजाच्या कितीतरी आधीचा. मी तसे सांगितले. तो म्हणाला, “काका, तुम्हीच माइक घ्या ना.” त्याने हे रागाने म्हटले नव्हते, म्हणून मी माइक घेतला, आणि पुढील तीन दिवस तो अधूनमधून माझ्याकडे येत राहिला. सहलीचे पैसे भरून गेलेल्या माणसाने मार्गदर्शकाचे काम करावे काय, हा वेगळा प्रश्न आहे.

त्या रात्री हरिहरेश्वरला राहून सकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने आम्ही वेसवीला उतरलो आणि बाणकोटचा किल्ला गाठला. पत्रकात या किल्ल्याचे वर्णन ‘राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा कोकणातील एकमेव किल्ला’ असे होते. मी घरीच त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. हा हिंमतगड इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेत १७५५ मध्ये घेतला आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. राणी व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा! जी राणी जन्मायला अजून चौसष्ट वर्षे होती, तिच्या नावाचा किल्ला बाणकोटकरांनी कसा पाहिला असेल? व्हिक्टोरिया म्हणजे लॅटिनमध्ये विजय, एवढाच त्या नावाचा सरळ अर्थ. राजघराण्यांच्या खुणा दाखविण्याचे पैसे घेणाऱ्या सहलीने अशी चूक छापून वाटणे मला गंभीर वाटते. किल्ला मात्र सुरेख आहे. जांभ्याचे बुरूज, खाली सावित्रीचे रुंद मुख आणि पलीकडे आम्ही नुकतीच सोडलेली बागमांडल्याची बाजू, हे पाहण्यासाठी अर्धा तास फारच थोडा होता. शेजारचे वेळास नाना फडणविसांचे गाव. तेथे जाण्याची मागणी चौघांनी केली, पण पुढे दाभोळ आणि तवसाळ येथे आणखी दोन फेरीबोटी गाठायच्या होत्या म्हणून ती मागे पडली. या चौथ्या दिवशी आमची गाडी गुहागरात माझ्या घराच्या गल्लीवरून गेली आणि मला आंगणात वाळत घातलेले कपडे आत घेण्याइतकीही सवड मिळाली नाही, हे नोंदवून ठेवतो.

रत्नागिरीला मात्र पुरा एक दिवस दिला होता आणि तो सार्थकी लागला. थिबा राजवाडा मी लहानपणापासून पाहत आलो आहे; शाळेची सहल म्हणून, पाहुण्यांना दाखवायचा म्हणून, आणि एकदा तर नुसताच पावसात आडोसा म्हणून. युरोपच्या गादीवरील माणसांच्या रांगेत थिबा राजाला बसवून मी तो पहिल्यांदाच पाहिला. तिसऱ्या ब्रह्मी युद्धात नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची, राजधानी मंडाले पडली आणि तेथील राजा थिबा, राणी सुपयालत व त्यांच्या मुलींना बोटीत बसवून देशाबाहेर काढले. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश व्हिक्टोरियाच्या साम्राज्याला जोडल्याची घोषणा झाली. मद्रासमार्गे त्यांना एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. दिल्लीच्या बहादूरशहाला इंग्रजांनी १८५८ मध्ये रंगूनला नेऊन ठेवले होते. अठ्ठावीस वर्षांनी तिकडचा राजा इकडे आणला. ज्याला आपल्या प्रजेपासून तोडायचे, त्याला समुद्रापलीकडच्या एखाद्या गावात नेऊन ठेवायचे, ही त्यांची रीतच होती. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा हीच रीत उलट्या दिशेने चालली. जन्म रत्नागिरीतला, तुरुंग मंडालेच्या राजकोटाच्या आत. मंडालेचा राजा त्या वेळी भाट्याच्या खाडीकडे पाहत बसला होता. टिळकांचे जन्मस्थान राजवाड्यापासून फार लांब नाही, तरी सहलीत ते नव्हते. राजघराण्यांच्या सहलीत टिळक कशाला, असे व्यवस्थापकांना वाटले असावे. मला वाटते, ते याच सहलीत हवेत.

राजवाडा पूर्ण झाला १९१० मध्ये, म्हणजे राजाला येथे येऊन चोवीस वर्षे झाल्यावर, आणि त्यात राहायला त्याला सहाच वर्षे मिळाली. जांभ्याची भक्कम बांधणी, ब्रह्मी वळणाची छपरे, नक्षीदार लाकूडकाम आणि रंगीत काचांच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आजही पाहण्यासारख्या आहेत. वरच्या सज्जात उभे राहून मी १९१० हे साल मनात घोळवत होतो आणि मग सहकाऱ्यांना ते सांगितल्याशिवाय मला राहवेना. त्याच वर्षी ६ मे रोजी लंडनमध्ये सातवा एडवर्ड वारला आणि पाचवा जॉर्ज गादीवर आला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि पोर्तुगालचा तरुण राजा दुसरा मॅन्युएल, ज्या ब्रगांझा घराण्याने मुंबई आंदण दिली त्याच घराण्याचा शेवटचा राजा, देशोधडीला लागून इंग्लंडच्या आश्रयाला गेला. माझ्या संग्रहात पोर्तुगीज हिंदुस्थानची त्यानंतरची तिकिटे आहेत. मॅन्युएलच्या आधीचा राजा कार्लुस, त्याचा चेहरा तसाच, आणि त्याच्यावर आडवा ठसा मारलेला आहे, ‘रिपब्लिका’. नवी तिकिटे छापून होईपर्यंत टपाल खाते थांबू शकत नाही, म्हणून राजाच्याच कपाळावर प्रजासत्ताक छापले. टपालातला माणूस म्हणून मला त्यातली घाई समजते.

मग डिसेंबर १९११ आला. जॉर्ज आणि मेरी अपोलो बंदरावर उतरले, तोफांची सलामी झाली, आणि त्याच किनाऱ्यावर खाली रत्नागिरीत एक पदच्युत राजा आपल्या नव्या कोऱ्या राजवाड्यात पहाऱ्यात होता. आमची सहल गेटवेपाशी सुरू झाली आणि येथे आली, तरी या दोन जागांना जोडणारे एक वाक्यही पत्रकात किंवा मार्गदर्शकाच्या बोलण्यात नव्हते. सहलीची सगळी कल्पनाच या एका वाक्यावर उभी राहिली असती. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. त्यानंतरच्या दोन वर्षांत रशियाचा झार, जर्मनीचा कैसर आणि ऑस्ट्रियाचा सम्राट हेही गादीवरून गेले, आणि जुलै १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने जर्मन वळणाचे आपले घराण्याचे नाव टाकून विंडसर हे नाव घेतले.

शहरातील वस्तीत असलेली थिबाची समाधी आम्हाला दाखविली, हे फार चांगले केले. बहुतेक प्रवासी राजवाडा पाहून आणि थिबा पॉइंटवर सूर्यास्त पाहून परत जातात. म्यानमारचे अध्यक्ष थीन सेन २०१२ मध्ये येथे येऊन गेले, तेव्हा काही दिवस समाधीची चर्चा झाली. एरवी आजूबाजूला रोजचे जगणे चालू असते. राजाचे कुटुंब १९१९ मध्ये परत गेले, परंतु थोरल्या राजकन्येची मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली आणि इथलीच होऊन गेली. मार्गदर्शकाने ही हकीकत समाधीपाशी खालच्या आवाजात, एकही विनोद न करता सांगितली. हा मुलगा जे त्याला मनापासून ठाऊक आहे ते सुंदर सांगतो आणि जे नाही ते रचतो. त्याला एक चांगली टिपणवही करून दिली, तर तो या किनाऱ्यावरचा पहिल्या प्रतीचा मार्गदर्शक होईल.

शेवटच्या दिवसाविषयी थोडक्यात. वेंगुर्ल्याची डच वखार पत्रकात ‘डच राजघराण्याची वखार’ म्हणून होती. सतराव्या शतकात ती उभारणारी डच कंपनी एका प्रजासत्ताकाची होती. नेदरलँड्सला आजच्या घराण्यातला राजा मिळाला तो पुढे १८१५ मध्ये. वास्तू ढासळलेली, झाडोऱ्याने वेढलेली आहे, आणि पाच तासांच्या प्रवासानंतर वीस मिनिटे तिच्याकडे पाहण्यात फारसे काही हाती लागत नाही. सावंतवाडीचा राजवाडा मात्र चुकवू नये. दशावतारी गंजिफा या जुन्या पत्त्यांची एकशे वीस गोल पाने, त्यांवरील लाखेचा झिलईदार रंग आणि हातात ब्रश धरून बसलेले कारागीर पाहताना पत्नीला तेथून हलविणे अवघड झाले. भोसले घराण्याने ही मरू घातलेली कला राजवाड्याच्या दरबारात पुन्हा उभी केली. येथे बावन्न पानांचे संचही त्याच पद्धतीने रंगवितात, आणि त्यांतील राजा-राणी-गुलाम मूळचे युरोपचे असले तरी पेहरावाने पुरते देशी झालेले आहेत. युरोपीय राजघराण्यांशी या जागेचा संबंध पत्रकात ओढूनताणून आणला होता. त्याची काही गरज नव्हती.

मुक्काम सगळीकडे स्वच्छ होते, फक्त वसईच्या खोलीत गरम पाणी सकाळी आठनंतर आले आणि आम्हाला तर साडेसातला निघायचे होते. रात्रीच्या जेवणात शाकाहारी मंडळींवर सलग तीन दिवस मटकीची उसळ लादली गेली, ती त्यांनी कोकणी सोशिकपणे खाल्ली. चालक अत्यंत सावध होता. घाटवळणावर त्याने एकदाही कोणाला ओलांडण्याची घाई केली नाही. प्रवासात स्वच्छतागृहासाठी कोठे थांबायचे, हे त्याने आधीच ठरवून ठेवले होते, आणि आमच्या वयाच्या प्रवाशांसाठी ही सोय कोणत्याही राजवाड्याहून मोठी असते.

पैसे वसूल झाले का, असे सावंतवाडी रोड स्थानकावर गाडीची वाट पाहताना पत्नीने विचारले. कोर्लईचे जेवण आणि रत्नागिरीचा दिवस या दोहोंसाठी मी पुन्हा जाईन, असे मी म्हणालो. चौथ्या दिवसाच्या तीन फेरीबोटींसाठी जाणार नाही. बाणकोटची ओळ पुढच्या पत्रकातून काढून टाकल्याचे व्यवस्थापकांनी मला लेखी कळविले आहे, आणि वेंगुर्ल्याऐवजी टिळकांचे जन्मस्थान घेण्याचा विचार चालू आहे, असेही त्यात लिहिले आहे. पुढची सहल दिवाळीनंतर निघते. नाव नोंदवताना ती बुधवारी तर निघत नाही ना, एवढे विचारून घ्यावे.